चौथ्या दिवसाची बाटली

ह्यूस्टनजवळच्या एल कँपो गावातल्या शाळेत गेल्या सत्तावीस वर्षांत जो कोणी जेवला, तो डार्ला कुबेनाच्या हातचं जेवला. आता पोटं सुटलेली, टक्कल पडलेली माणसं किराण्याच्या दुकानात तिला भेटली, की अजूनही ताटली पुढे केल्यासारखी उभी राहतात. पण गावात तिचं खरं नाव झालं ते बाटल्यांमुळे. गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीने सात दिवसांच्या सहलीला जायचं आणि बोटीवरची महागडी दारू मात्र प्यायची नाही, असं ज्याने ज्याने ठरवलं, त्याने डार्लाचं दार वाजवलं.

बोटवाल्यांचा नियम सोपा आहे. माणशी वाइनची एक बाटली, सीलबंद, तीही हातातल्या पिशवीत. व्होडका, रम, व्हिस्की घरून आणायची नाही. हवी असेल तर वर आमच्याकडून घ्या आणि पेल्यागणिक पैसे मोजा. आता वर्षभर भाताच्या कोठारावर राबून एकदाच समुद्र बघायला निघालेल्या माणसाला हे ऐकून राग येणारच. आमच्या चेक वंशाच्या लोकांच्या लग्नांत चर्चच्या हॉलमध्ये बियर फुकट वाहत असते. पेल्यामागे पैसे ही गोष्टच आम्हाला अपमानासारखी लागते. मग लोक डोकं चालवतात. कोणी शांपूच्या बाटलीत भरतं, कोणी प्लास्टिकच्या चपट्या पिशव्या मोज्यांत कोंबतं, आणि सगळे धरले जातात. डार्लाची बाटली एकोणीस वर्षांत एकदाही धरली गेली नव्हती.

ती हिरव्या माउथवॉशची मोठी बाटली घ्यायची. बाटलीची मान उकळत्या पाण्यात चाळीस आकडे म्हणेपर्यंत धरायची, म्हणजे झाकणाखालची प्लास्टिकची कडी न तुटता अख्खी सरकून येते. आतलं बेसिनमध्ये ओतून द्यायचं, बाटली सात वेळा विसळायची, मग व्होडका, आणि केकच्या रंगाचे दोन थेंब पिवळे, एक निळा. कडी पुन्हा गरम करून अंगठ्याने अशी दाबायची, की दुकानदारानेही फसावं. पुदिन्याचा वास तेवढा सात पाण्यांनीही जात नसे. "डार्लाची व्होडका प्यायली की दात घासायची गरज नाही," असं तिच्या नणंदेचा नवरा मेल्विन दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी स्वतःच पहिला हसायचा.

गावाला वाटे, बाईला हौस आहे आणि पैशाची जाण आहे. हौस वगैरे काही नव्हती. दोन हजार चार साली डार्ला आणि तिचा नवरा एलरॉय पहिल्यांदा बोटीवर गेले, तेव्हा घरून काहीच नेलं नव्हतं. बोटीवर खिशात हात घालावा लागत नाही. खोलीचं कार्ड दाखवलं की पेला समोर येतो. जमिनीवर निदान दुकान बंद होतं, खिसा रिकामा होतो, ट्रकची किल्ली पिठाच्या डब्यात लपवता येते. तिथे अकरा बार होते आणि एखादा बंद झाला तर दुसरा उघडायचा. चौथ्या दिवशी भर दुपारी एलरॉय जिन्यावरून पडला. दोन खलाशांनी त्याला चाकांच्या खुर्चीत घालून जेवणघरातून खोलीकडे नेलं. त्याची सख्खी बहीण नदीन तेव्हा खाली मान घालून सूप पीत बसली होती, कुणा परक्याचं चाललंय तसं.

पुढच्या खेपेपासून डार्लाने बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या एलरॉयच्या कार्डावरची खरेदी बंद करायला सुरुवात केली, आणि घरून तीन बाटल्या भरून न्यायला लागली. सात दिवसांना तीन. रोज सकाळी कपाट उघडून ती त्याचा दिवसाचा वाटा ओतायची, शाळेत पोरांना दूध ओतायची त्याच हाताने. विकतच्या दारूला तळ नव्हता. घरून आणलेलीला होता, आणि तो तिला रोज दिसायचा. एलरॉय कुरकुरायचा, शिव्या घालायचा, पण त्यात भागवायचा. गावाने म्हटलं डार्ला पैसे वाचवते, तर तिने म्हणू दिलं.

गेल्या ऑक्टोबरात एलरॉय पिवळा पडला. डोळे, नखं, सगळंच. ह्यूस्टनच्या डॉक्टरणीने त्याला खुर्चीत बसवून सरळ सांगितलं, "आणखी प्यायलात तर पुढच्या ऑक्टोबरात तुमची बायको एकटी येईल, आणि तीही कागदांवर सह्या करायला." एलरॉयने त्या दिवसापासून सोडली. चर्चमागच्या खोलीत दारू सोडलेल्यांची बैठक भरते, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिथे जाऊ लागला. दर महिन्याला तिथे एक नाणं देतात. एक एक करत आठ नाणी झाली. दारूची जागा कोलाचेने, म्हणजे फळांचा गर भरलेल्या आमच्या गोड पावांनी, घेतली. जर्दाळूचे डझनभर कोलाचे तो ट्रकमध्ये बसून एकटा संपवायचा आणि शर्टावरचा चुरा झाडत घरात यायचा.

डार्लाला आनंद झाला का? झाला. चर्चमध्ये तिने मेणबत्ती लावली आणि रडली. पण खरं सांगायचं तर ती फार दमली होती, आणि नवऱ्याने दारू सोडल्यावर तिचं दमणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. पिणाऱ्याची राखण करताना पुढे काय होणार ते तरी ठाऊक असतं. आता रोज सकाळी उठून, आज की उद्या, एवढंच मनात यायचं. बैठकीहून यायला दहा मिनिटं उशीर झाला की ती सिंकपाशी उभी राहून रस्त्याकडे बघायची. तो बाहेर गेला की टाकीच्या झाकणाखाली, गवत कापायच्या यंत्रामागे, ख्रिसमसच्या खोक्यात हात घालून यायची. काही सापडायचं नाही. न सापडण्यानेही तिचं समाधान व्हायचं नाही, कारण माणूस लपवायला शिकला असेल तर?

अशात मे महिन्यात ती शाळेतून निवृत्त झाली, आणि नदीनने फोन केला.

"आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. जूनमध्ये बोट. तुमची खोलीही धरून टाकलीय मी, नाही म्हणू नकोस," नदीन म्हणाली. "आणि हे बघ, या वेळी तुझ्या बाटल्या नकोत गं बाई. आम्ही एकदाच पैसे भरून हवं तेवढं प्यायचं पॅकेज घेतलंय."

"दोघांनी?"

"एकाने घेतलं की खोलीतल्या दुसऱ्याला घ्यावंच लागतं, असा त्यांचा कायदा. मी काय, दोन पेल्यांत आडवी होते. मेल्विन पिईल माझ्या वाटणीचं. ते जाऊ दे. एलरॉयचं कार्ड तू बंद करशीलच ना?"

एलरॉय समोरच बसला होता, आणि नदीनचा आवाज फोनशिवायही ऐकू येतो.

"कार्ड बंद करायचं नाही," तो म्हणाला.

डार्लाने फोन खाली ठेवला. "एलरॉय, तुमच्या बैठकीतले लोक म्हणतात ना, पहिल्या वर्षात बोटीवर वगैरे जाऊ नये म्हणून?"

"म्हणतात. तुला जायचं नाही का?"

तिला जायचं होतं. जीव तोडून जायचं होतं. सात दिवस कुणी 'आज जेवायला काय' असं विचारणार नाही, आयतं ताट समोर येईल आणि ते ताट घासायलाही लागणार नाही, एवढंच तिला हवं होतं. समुद्र दिसला नाही तरी चाललं असतं.

"जायचंय," ती म्हणाली.

"मग जाऊ. पण मला शाळकरी पोरासारखं नेऊ नकोस. कार्ड चालू राहील. मी बासष्ट वर्षांचा आहे, डार्ला."

"बरं."

तिने बरं म्हटलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी एलरॉय ट्रकच्या चाकांत हवा भरून आणायला गेला तेव्हा पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. हे आधीपासून ठरवलेलं नव्हतं. हातांनी आपलं आपण सुरू केलं. कार्ड चालू, अकरा बार, सात दिवस. तो टिकला तर उत्तमच. पण नाही टिकला तर? मग तो बारवर जाईल, आणि बारला तळ नाही. त्यापेक्षा आपल्याजवळ मापातली एक असलेली बरी. देता येईल, थोडी थोडी, बोट परत धक्क्याला लागेपर्यंत. मग गावी जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येईल. तीन नाही, एकच भरायची. तिने चाळीस आकडे मोजले, कडी सरकवली, आणि मनात हिशोब केला की चौथ्या दिवसापर्यंत तो टिकेल. तिथून पुढे एक बाटली पुरते. बाटली तिने आपल्या सूटकेसमध्ये मोज्यांच्या खाली ठेवली. एलरॉय हल्ली निळा, दारू नसलेला माउथवॉश वापरायचा. तो त्याने स्वतःच आपल्या बॅगेत भरला होता, वर 'माझा' असं चिकटवून.

धक्क्यावर सगळं नेहमीसारखं झालं. हमालांनी मोठ्या बॅगा नेल्या, उन्हात रांग, रांगेत गुडघे दुखणारी माणसं. नदीनने डोक्यावर 'चाळीस' लिहिलेला चकचकीत मुकुट घातला होता आणि मेल्विनच्या हातात बोटीवर पाय ठेवताक्षणी छत्री खोचलेला पेला आला. एलरॉयने लिंबूपाणी घेतलं. पेला धरल्यावर त्याचा हात किंचित हलतोय हे डार्लाने पाहिलं आणि मग आपण तेच पाहतोय म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

साडेतीनला एलरॉयची बॅग खोलीबाहेर येऊन पडली. डार्लाची आली नाही. चारला दाराखालून कागद सरकला: तुमची सूटकेस तपासणीसाठी ठेवली आहे, तळमजल्यावर या.

"इस्त्री भरलीस ना पुन्हा?" एलरॉय हसला. "तुला कितीदा सांगितलं, इथे इस्त्री चालत नाही."

"असेल. तू पड जरा. मी आणते."

"चल, मीही येतो. तेवढंच पाय मोकळे होतील."

"एलरॉय, नको."

ती जरा जोरातच बोलली असावी. त्याने तिच्याकडे पाहिलं, हसणं थांबवलं आणि तिच्याआधी दाराबाहेर पडला.

तळमजल्यावरची ती खोली म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभ्या केलेल्या पोरांचा वर्ग. फक्त पोरं साठीची. कुणाची किटली धरलेली, कुणाची मेणबत्ती. एक बाई सनक्रीमच्या बाटलीला छातीशी धरून "ही औषधी आहे हो, औषधी" म्हणत होती आणि खोलीभर रमचा घमघमाट सुटला होता. एका तांबड्या मानेच्या माणसाला आपल्या बायबलच्या आकाराच्या, दारूच्या पत्र्याच्या डबीबद्दल फारच अपमान वाटत होता. टेबलामागे गुरुंग नावाचा पहारेकरी होता, ठेंगणा, शांत, दिवसभर हेच ऐकून कान किटलेला.

"ही आपली, मॅडम?" त्याने सूटकेस उघडली आणि मोज्यांखालून बाटली काढली. हिरवीगार. कडी जागच्या जागी. त्याने ती दोनदा जोरात हलवली आणि दिव्यासमोर धरली. माउथवॉश असता तर फेस आला असता. फेस आला नाही. आत नुसतं हिरवं पाणी हेलकावलं आणि स्थिर झालं.

"सील फार छान बसवलंय," गुरुंग म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं. "आधीच्या लोकांनी कधी हलवून बघितली नसेल."

डार्लाने एलरॉयकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. एकोणीस वर्षं जिच्या हातची बाटली तो प्यायला होता, तिचं काम त्याला ओळखता येणार नाही का?

"कोणाची, मॅडम? सही लागेल."

"माझी."

"आत काय आहे?"

"व्होडका."

गुरुंगने कडी तोडली आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये बाटली उलटी केली. ग्लगग्लग करत ती रिकामी व्हायला बराच वेळ लागला. पुदिना आणि स्पिरिट यांचा वास टेबलापर्यंत आला. एलरॉय अर्ध्या हातावर उभा होता. त्याने श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडायला त्याला फार वेळ लागला. तांबड्या मानेचा माणूस मागून म्हणाला, "अरेरे, चांगल्या मालाची नासाडी."

बाहेर जिन्याखाली एलरॉय थांबला. डार्लाच्या हातात सूटकेसची मूठ होती.

"तुझ्यासाठी आणलीस?"

इथे तिला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्याने मान डोलावली असती, कदाचित थट्टाही केली असती आणि सात दिवस बरे गेले असते. पण खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद असावी लागते, आणि डार्लाची ती सकाळच्या रांगेतच संपली होती.

"नाही," ती म्हणाली.

"एकच?"

"एकच."

एलरॉयने बोटांवर काहीतरी मोजलं. मापं त्यालाही पाठ होती.

"म्हणजे मी चौथ्या दिवशी कोसळणार, असं तू धरलंस."

"मी काही धरलं नाही. मी तयारी केली."

"आठ महिने, डार्ला."

"मला नको सांगूस आठ महिने!" तिचा आवाज चढला. जिन्यावरून उतरणारं एक जोडपं मागच्या मागे वळलं. "तुझे आठ असतील. माझी अडतीस वर्षं आहेत. तू पिताना मी मोजत होते, तू सोडल्यावरही मी मोजतेय. तू रात्री पाणी प्यायला उठलास तरी मी मोजते. तुझं एक नाणं होतं महिन्याला. मला कोण काय देतं?"

एलरॉय वळला आणि लिफ्टमध्ये शिरला. लिफ्टमधली नऊ बटणं तिला दिसली. त्याने कुठलं दाबलं ते दिसलं नाही.

सूटकेस खोलीत टाकून डार्ला सवयीने शोधायला निघाली. पहिला बार पोहण्याच्या तलावापाशी. दुसरा पायऱ्यांखाली, अंधारलेला, पियानोवाला. तिथे नदीन भेटली, मुकुट एका कानावर कललेला.

"एलरॉय कुठाय गं?"

"माहीत नाही."

"म्हणजे काय, माहीत नाही? एकटं सोडलंस तू त्याला? इथे?"

"हो नदीन. तुझा भाऊ आहे. तू शोध."

डार्लाने असं उत्तर नदीनला अडतीस वर्षांत दिलं नव्हतं, आणि दिल्यावर तिलाही काही फार हलकं वाटलं नाही. ती तिसऱ्या बारपर्यंत गेली. अजून आठ राहिले होते. तळपायांना शाळेच्या फरशीची जुनी ठणक लागली होती. समोर एक रिकामी आरामखुर्ची होती, त्यावर कुणाचा तरी ओला टॉवेल. ती टॉवेलासकट बसली. बोट सुटत होती. लोक कठड्याशी गर्दी करून ओरडत होते, गॅल्व्हस्टनचे पेलिकन मागे येत होते. तो आत्ता एखाद्या बारवर बसून कार्ड पुढे सरकवत असेल, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, सरकवू दे. असं वाटल्याचं तिला भय वाटलं. वाईट बायको अशीच होत असेल का? तिने देवाच्या आईला हाक मारली, पण नेमकं काय मागायचं तेच तिला सुचेना.

सहाला ती जेवायला गेली, कारण भूक लागली होती.

एलरॉय टेबलाशी आधीच बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओले केस मागे फिरवलेले. नदीन आणि मेल्विन आज वरच्या मजल्यावर, लग्नाचा वाढदिवस म्हणून वेगळे जेवणार होते. डार्ला समोर बसली. कुठे होतास, असं तिने विचारलं नाही.

"पाचव्या मजल्यावर बैठक असते," त्याने आपणहून सांगितलं. "रोज पाचला. नाचघरात."

"नाचघरात?"

"बारवर जाळी ओढून घेतात. सहा जण होतो. एक म्हातारी तर तेहतीस वर्षं न पिता दर वर्षी बोटीवर येते. म्हणे जेवण चांगलं असतं." तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. "विश्वास बसत नाही ना?"

"एलरॉय, आज मला विश्वास ठेवायलाही ताकद नाही आणि संशय घ्यायलाही."

त्याने मान हलवली. वेटर आला, तेव्हा त्याने स्वतःसाठी बर्फाचा चहा सांगितला. मग खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"आणि एक ग्लास वाइन. लाल. तुमच्याकडची चांगली."

वेटर गेला, आला, आणि ग्लास त्याने पुरुषासमोर ठेवला, जसा जगातला कुठलाही वेटर ठेवेल. वाइन एलरॉयच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. त्याने दोन बोटांनी ग्लासाचा पाय धरला आणि हळूहळू, टेबलक्लॉथला सुरकुती न पाडता, तो डार्लासमोर सरकवला.

"पी."

"मी नाही घेत. तुला माहीत आहे."

"आपल्या लग्नात प्यायलेली तेवढीच. त्यानंतर थेंब घेतला नाहीस."

"कुणीतरी शुद्धीवर लागायचं ना घरात!"

"लागायचं. आज मी आहे."

त्याच्या बोलण्यात नुसतं प्रेम होतं असं कुणी समजू नये. त्यात रागही होता, चौथ्या दिवसाचा. पण तो टेबलावर कोपर ठेवून बसला होता, आणि चहाचा ग्लास धरलेला त्याचा हात दुपारसारखाच हलत होता, आणि तो तिला लपवत नव्हता.

डार्लाने घोट घेतला. आवडला नाही. दुसरा बरा लागला. तिसऱ्या घोटाला तिच्या मानेतलं काहीतरी सैल झालं, इतकं, की आपली मान एवढी वर्षं आखडलेली होती हे तिला तेव्हा कळलं. पाव आला. सूप आलं. कुणीतरी वाढत होतं, कुणीतरी नेत होतं, आणि तिला उठावं लागत नव्हतं. अर्ध्या ग्लासानंतर तिच्या पापण्या मिटायला लागल्या.

"मला झोप येतेय."

"मग जा झोप."

"तुझं जेवण यायचंय अजून."

"मी खातो. तू जा."

ग्लास अर्धा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानेही पाहिलं. एका घोटात संपवता आला असता. वेटरला बोलावून उचलायला सांगता आलं असतं. हातात धरून खोलीत नेता आला असता, आणि एलरॉय काही म्हणाला नसता. एवढं सगळं करायचं म्हणजे पुन्हा राखणीला लागायचं.

"यात उरलीय," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

ती खुर्चीच्या पाठीला धरून उठली. लांबलचक बोळातून, शंभर सारख्या दारांपाशी एक एक आकडा वाचत, आपल्या खोलीशी आली. सूटकेस पलंगावर तशीच पडली होती. ती खाली ढकलून डार्ला बुटांसकट आडवी झाली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

एलरॉय खोलीत कधी आला ते तिला कळलं नाही. अडतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.